टीव्ही गेमची बंदूक नेम कसा ओळखते, आणि जुनी बंदूक आज घरी कशी चालवायची

टीव्ही गेमसोबत येणाऱ्या वायरवाल्या बंदुकीतून बाहेर काहीच पडत नाही. गोळी नाही, किरण नाही, डोळ्यांना न दिसणारा सिग्नलही नाही. चाप ओढला की बदक खाली येतं, त्यामुळे बंदुकीने टीव्हीला काहीतरी पाठवलं असं वाटतं. प्रत्यक्षात प्रकाश टीव्हीकडून निघतो आणि बंदूक तो बघते. नळीच्या तोंडाशी एक भिंग, त्याच्या मागे उजेड ओळखणारा छोटा सेन्सर, चापामागे एक स्विच आणि गेमकडे जाणारी वायर. तिच्यात एवढंच असतं.

हे आधी सांगायचं कारण असं की इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत, मग ते रामबागेतलं जुनं घर असो की सुदामा नगरातलं नवं, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम खाली येतो. कॅसेट लागते, मारिओ चालतो, सगळे खूश होतात. मग कोणीतरी बंदूक जोडतं आणि भिंतीवरच्या एलईडी टीव्हीवर एकही बदक पडत नाही. बंदूक खराब झाली असं ठरतं आणि ती अटाल्यात, म्हणजे भंगारात जाते. माझ्या पाहण्यात अशा बंदुका बहुतेक वेळा चांगल्या असतात. घरात नसतो तो तिला लागणारा टीव्ही. या खेळात टीव्ही हा बंदुकीचा अर्धा भाग आहे. खालची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून आधी कारण समजून घेऊ आणि मग स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ.

पिक्चर ट्यूबमध्ये चित्र कसं उमटतं

जुन्या डबा टीव्हीत मागच्या निमुळत्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि काचेच्या आतल्या बाजूला लावलेल्या फॉस्फरवर आदळतो. जिथे आदळतो तो ठिपका चमकतो. हा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो, झटकन परत येतो, खालची ओळ काढतो, आणि तळापर्यंत पोचला की पुन्हा वर जातो. आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही पद्धतीत अशी पूर्ण फेरी सेकंदाला ५० वेळा होते. गेमचा कन्सोल, म्हणजे कॅसेट लावायचं यंत्र, दर फेरीत साधारण ३१२ ओळी पाठवतो. सेकंदाला सुमारे १५,६२५ ओळी, म्हणजे एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद (एका सेकंदात दहा लाख मायक्रोसेकंद). अमेरिका आणि जपानच्या एनटीएससी पद्धतीत फेऱ्या सेकंदाला सुमारे ६० आणि ओळी दर फेरीला २६२. ओळींचा वेग मात्र जवळपास तोच, १५,७३४.

कोणत्याही एका क्षणी पडद्याचा अगदी अरुंद पट्टाच खरा उजळलेला असतो. वरचा भाग विझत आलेला असतो, खालचा अजून रंगायचा असतो. आपले डोळे मंद आहेत म्हणून आपल्याला अख्खं चित्र एकदम दिसतं. बंदुकीतला सेन्सर मंद नाही. त्याच्या समोरच्या जागेवरून झोत गेला की त्याला लखकन उजेड दिसतो, मग अंधार, मग पुढच्या फेरीत पुन्हा उजेड.

चाप ओढल्यावर नेमकं काय होतं

निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम हा टीव्ही गेम जपानमध्ये १९८३ साली आला आणि त्याची बंदूक १९८४ मध्ये. ती जुन्या काउबॉय रिव्हॉल्व्हरसारखी दिसायची. १९८५ मध्ये अमेरिकेत एनईएससोबत (फॅमिकॉमचं तिथलं रूप) गेली तेव्हा तिचं रूप अंतराळातल्या हत्यारासारखं झालं आणि नाव पडलं झॅपर. आधी ती राखाडी होती, १९८९ च्या सुमारास खेळण्यातली बंदूक खरी वाटू नये म्हणून नारिंगी केली गेली. आपल्याकडे मिळालेले बहुतेक आठ बिटांचे टीव्ही गेम फॅमिकॉमच्याच नकला होत्या, त्यामुळे त्यांच्या काळ्या पिस्तुलांतही हीच पद्धत आहे.

डक हंट या बदकं पाडायच्या गेममध्ये समजा पडद्यावर दोन बदकं उडताहेत. तुम्ही चाप ओढला. गेम लगेच एका फेरीपुरता सगळा पडदा काळा करतो. या काळ्या फेरीत बंदुकीला उजेड दिसताच कामा नये. दिसला, तर ती बल्बकडे किंवा खिडकीकडे रोखलेली आहे असं समजून नेम बाद. पुढच्या फेरीत पहिल्या बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बाकी सगळं काळं. त्यापुढच्या फेरीत दुसऱ्या बदकाच्या जागी चौकोन. उजेड कोणत्या फेरीत दिसला यावरून कोणतं बदक पडलं ते गेमला कळतं. कुठल्याच फेरीत दिसला नाही तर नेम हुकला. मग चित्र पूर्ववत. हा सगळा प्रकार काही फेऱ्यांत आटोपतो, आणि पाल टीव्हीवर एक फेरी म्हणजे २० मिलिसेकंद. आपल्याला दिसते ती फक्त एक लुकलुक.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की बंदुकीला आपण कुठे रोखलेलो आहोत हे अजिबात ठाऊक नसतं. ती दर क्षणाला एवढंच सांगते: उजेड आहे, किंवा नाही. जागा ओळखण्याचं सगळं काम गेम पडद्यावर काय आणि कधी दाखवतो त्यावर चालतं. १९८० च्या दशकातल्या स्वस्त सुट्या भागांतून एवढं अचूक काम काढणाऱ्यांबद्दल मनात आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

झॅपरमध्ये आणखी एक हुशारी आहे. सेन्सरच्या मागच्या सर्किटमध्ये गाळणी आहे, जी साधारण १५ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १५ हजार वेळांच्या आसपास लुकलुकणारा उजेडच पुढे जाऊ देते. हा आकडा आपण वर पाहिला: टीव्हीच्या ओळींचा वेग. पिवळा बल्ब, उन्हाची तिरीप, ट्यूबलाइट यांचा उजेड या गाळणीत अडकतो. काही स्वस्त नकली बंदुकांत ही गाळणी नसते किंवा अर्धवट असते, आणि म्हणून त्या खोलीतल्या दिव्यांनी गोंधळतात. दुसरं, सेन्सरचा ‘उजेड दिसला’ हा इशारा फार वेळ टिकत नाही. पांढऱ्या चौकोनावरही तो साधारण २५ ओळींपुरता राहतो, म्हणजे दीड मिलिसेकंदाच्या आसपास. त्यामुळे पांढऱ्या फेरीत गेमला सतत विचारत राहावं लागतं, आत्ता दिसला का, आत्ता दिसला का.

फोनने स्वतः बघा

वाचून पटतं, पण पाहून समजतं. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो मोशन असतो. फोन पुस्तकांना टेकवून टीव्हीसमोर स्थिर ठेवा, खोलीतले दिवे बंद करा, चित्रीकरण सुरू करा आणि चाप ओढा. नंतर ते एकेक चित्र पुढे सरकवत बघा. पाल टीव्हीच्या एका फेरीची फोनवर जवळपास पाच चित्रं मिळतात.

आमच्याकडे भाच्याने फोन धरला आणि मी चाप ओढला. तो चित्रं सरकवत होता आणि एका जागी थांबला. “मामा, इथे बदकच नाहीये!” आणि खरंच, आकाश नाही, गवत नाही, झाड नाही, फक्त काळा पडदा. पुढे सरकवलं तर त्या काळ्यात एक पांढरा चौकोन, पण तोही पूर्ण नाही. त्याचा वरचा अर्धा भाग उजळलेला, खालचा अजून अंधारात. झोत तिथपर्यंत पोचायचाच होता. पुढच्या चित्रात खालचा भाग उजळला आणि वरचा विझत चालला होता. बंदूक जे बघते तेच आम्ही त्या वेळी बघत होतो. मुलांना इलेक्ट्रॉनचा झोत शिकवायचा असेल तर याच्याइतकं चांगलं साधन मला माहीत नाही.

बंदुकीचे वाडवडील

थोडं मागे जाऊ. १९३६ मध्ये अमेरिकेत सीबर्ग कंपनीने रे-ओ-लाइट नावाचं यंत्र आणलं. त्यात बंदूक प्रकाश सोडायची आणि सरकणाऱ्या बदकात प्रकाश ओळखणारी नळी असायची. निन्टेंडोने १९७० मध्ये जपानमध्ये विकलेलं कोसेंजू एसपी हे खेळणंही याच जातीचं. बंदुकीतून प्रकाश, लक्ष्यात सौर सेल. ते गुनपेई योकोई यांनी केलं, आणि सौर सेल शार्प कंपनीचे होते. शार्पकडून त्या कामात असलेले मासायुकी उएमुरा पुढे निन्टेंडोत गेले आणि फॅमिकॉम त्यांनीच घडवला. टीव्हीला जोडायची पहिली घरगुती बंदूक १९७२ च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसीची. तिथे दिशा बदलली: प्रकाश टीव्हीचा आणि सेन्सर बंदुकीत. पण काळ्या फेरीची युक्ती नसल्यामुळे ती बंदूक दिव्याकडे रोखली तरी नेम लागला असं समजायची.

दुसरी जात: वेळेवरून जागा ओळखणारी

तुमच्याकडे सेगा किंवा प्लेस्टेशनची बंदूक असेल तर तिचं काम वेगळं आहे, आणि दुरुस्तीच्या वेळी हा फरक महत्त्वाचा ठरतो. सेगा मास्टर सिस्टिमची लाइट फेझर, सुपर निन्टेंडोची १९९२ ची सुपर स्कोप, सेगाची मेनेसर आणि प्लेस्टेशनसाठी नामकोने केलेली गनकॉन या सगळ्या झोताची वेळ मोजतात. सेन्सरला उजेड दिसला त्या क्षणी झोत पडद्यावर कुठे होता, यावरून थेट जागा काढतात.

हिशेब करून पाहा. फेरी सुरू झाल्यापासून ८ मिलिसेकंदांनी उजेड दिसला. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे ८,००० मायक्रोसेकंद भागिले ६४, बरोबर १२५. झोत १२५ ओळी संपवून पुढच्या ओळीवर होता. आता ती ओळ सुरू झाल्यापासून समजा ३६ मायक्रोसेकंद झाले होते. ओळीतले पहिले सुमारे १० मायक्रोसेकंद चित्र नसतं आणि चित्राचा भाग सुमारे ५२ मायक्रोसेकंदांचा असतो. ३६ वजा १०, म्हणजे २६. २६ हे ५२ चे अर्धे. नेम पडद्याच्या आडव्या मध्यावर आहे. उभी जागा ओळींवरून, आडवी जागा मायक्रोसेकंदांवरून.

या पद्धतीत लक्ष्यं कितीही असली तरी एकाच फेरीत काम होतं. फक्त ज्या जागेवर नेम आहे ती काळी असेल तर सेन्सरला काही दिसणार नाही, म्हणून चाप ओढताच असे बरेच गेम सगळा पडदा क्षणभर पांढरा करतात. वेळ मोजायला फेरी आणि ओळ कधी सुरू झाली ते कळावं लागतं. सेगा आणि सुपर निन्टेंडोत ते कन्सोलला माहीतच असतं. गनकॉन मात्र हे मोजमाप स्वतः करते, म्हणून तिला एक जास्तीची पिवळी पिन असते आणि चित्राची वायर तिच्यातून जोडून घ्यावी लागते. ही पिवळी पिन मोकळी ठेवून ‘बंदूक चालत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. शिवाय प्रत्येक टीव्हीवर चित्र थोडं इकडे-तिकडे सरकलेलं असतं, त्यामुळे टाइम क्रायसिससारखे गेम सुरुवातीला ठरलेल्या खुणेवर नेम धरायला सांगतात आणि तो फरक वजा करतात. टीव्ही बदलला की हे पुन्हा करायचं.

पहिली पायरी: योग्य टीव्ही मिळवणं

नातेवाइकांच्या माळ्यापासून सुरुवात करा. तिथे नसेल तर अटालेवाल्याला सांगून ठेवा, किंवा महाराणी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे पिक्चर ट्यूबवाला चालू टीव्ही आहे का विचारा. १४ किंवा २१ इंची पुरेसा आहे. पडद्याची काच सपाट असली तरी हरकत नाही, आतली ट्यूब महत्त्वाची. काळा-पांढरा टीव्हीही चालतो, कारण बंदुकीला रंग नको असतो, उजेड हवा असतो.

घेण्याआधी टीव्ही चालू करून दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. थकलेली ट्यूब सुरुवातीला मंद असते आणि पांढरा रंग मळकट दिसतो. अशा टीव्हीवर पांढरा चौकोन सेन्सरला पुरेसा उजळ वाटत नाही. पुढच्या किंवा मागच्या बाजूला पिवळ्या-पांढऱ्या पिनांची एव्ही सोय आहे का ते पाहा.

एक गोष्ट इथे ठासून सांगतो. शेवटच्या काळातल्या काही महागड्या पिक्चर ट्यूब टीव्हींवर ‘१०० हर्ट्झ’ असं अभिमानाने लिहिलेलं असतं. तो टीव्ही घेऊ नका. तो चित्र आधी स्वतःच्या मेमरीत साठवतो आणि दुप्पट वेगाने दोनदा काढतो. ओळींचा वेग १५,६२५ ऐवजी ३१,२५० होतो आणि चित्रही उशिरा येतं. बंदुकीला दोन्ही गोष्टी चालत नाहीत. या कामात साधा, स्वस्त टीव्ही जास्त चांगला.

दुसरी पायरी: जोडणी

गेमचा अडॅप्टर हरवला असेल तर हाताला लागेल तो लावू नका. कन्सोलच्या तळाशी किती व्होल्ट लागतात आणि पिनेचं मधलं टोक धन की ऋण ते बहुधा लिहिलेलं असतं. ते जुळवूनच घ्या. जपानी फॅमिकॉममध्ये मधलं टोक ऋण असतं, आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरमध्ये धन. चुकीचा लावला तर कन्सोल जळू शकतो.

एव्ही असेल तर पिवळी पिन चित्राला, पांढरी आवाजाला. फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीवर चॅनल शोधावा लागेल. ऑटो सर्च लावा आणि कन्सोलवर चॅनल बदलायचा बटण-स्विच असेल तर दोन्ही बाजूंना करून बघा. जपानहून किंवा अमेरिकेतून आणलेल्या कन्सोलचं चित्र आपल्या टीव्हीवर काळं-पांढरं आलं तर घाबरू नका. चित्र स्थिर असेल तर बंदूक चालते. मध्ये कुठलाही एचडीएमआयचा डबा, कन्व्हर्टर किंवा रेकॉर्डर नको. कन्सोल ते टीव्ही थेट वायर.

बंदूक दुसऱ्या खेळाडूच्या जागी लागते. आपल्याकडच्या नकली कन्सोलना नऊ किंवा पंधरा पिनांचे सॉकेट असतात. नऊ पिनांचा प्लग सेगाच्या कन्सोललाही बसतो, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असते. बसतं म्हणून लावलं तर पाच व्होल्ट भलत्याच पिनेवर जातात. ज्या कन्सोलची बंदूक, तिथेच ती.

तिसरी पायरी: टीव्हीची सेटिंग आणि खोली

कॉन्ट्रास्ट जवळपास पूर्ण वाढवा. ब्राइटनेस मात्र इतकाच ठेवा की काळा भाग खरोखर काळा दिसेल. लोक इथे उलटं करतात: नेम लागत नाही म्हणून ब्राइटनेस वाढवतात, काळा पडदा राखाडी होतो, आणि सेन्सरला काळ्या फेरीतही उजेड दिसायला लागतो. बंदुकीला काळा आणि पांढरा यांतला फरक मोठा हवा. कॉन्ट्रास्ट तेच करतो.

काचेवर ट्यूबलाइटचं किंवा खिडकीचं प्रतिबिंब पडत असेल तर पडदा ओढा. काच पुसा, वर्षानुवर्षांची धूळ बराच उजेड खाते. बसायचं अंतर सहा-सात फुटांच्या आत ठेवा. जेवढे दूर जाल तेवढा सेन्सरच्या नजरेत पडद्याचा मोठा भाग येतो आणि चौकोनाचा उजेड त्यात कमी पडतो.

चौथी पायरी: दोष कुठे आहे ते ओळखणं

इथे घाई करू नका. बंदूक उघडण्याआधी एका साध्या चाचणीने निम्मं उत्तर मिळतं. डक हंट लावा, बदक उडू द्या आणि टीव्हीकडे बघत चाप ओढा. पडदा लुकलुकला का?

लुकलुकला, तर चापाचा स्विच आणि त्याची वायर बहुधा ठीक आहेत. मग नेम लागत नसेल तर दोष उजेडाच्या बाजूला: भिंग, सेन्सर, त्याची वायर, पाच व्होल्टची वायर किंवा टीव्ही. नळी पडद्याला जवळजवळ टेकवून बदकावर चाप ओढा. तेव्हा लागतं आणि लांबून लागत नाही, असं असेल तर सेन्सर जिवंत आहे. भिंग मळलेलं आहे किंवा टीव्ही मंद आहे. टेकवूनही लागत नसेल तर बंदूक उघडावी लागेल.

पडदा लुकलुकलाच नाही, तर दोष चापाच्या स्विचचा, वायरचा किंवा सॉकेटचा. आधी प्लग काढून परत घट्ट बसवा. मग वायर बंदुकीच्या मुठीशी आणि प्लगच्या गळ्याशी हलवून बघा. तीस वर्षं जिथे ती वाकत आली तिथेच ती आतून तुटते.

कुठेही नेम धरला तरी बदक पडतं, असा उलटा दोषही दिसतो. तो बहुधा नकली बंदुकीत असतो. खोलीतले दिवे बंद करून परत बघा. अंधारात ठीक चालली तर गाळणी कमकुवत आहे एवढंच. दिवे बंद ठेवून खेळा.

पाचवी पायरी: बंदूक उघडून साफ करणं

बंदुकीत पाच व्होल्टच असतात आणि प्लग काढल्यावर तेही नसतात, त्यामुळे ती उघडणं सुरक्षित आहे. टीव्ही मात्र उघडू नका. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात आणि टीव्ही बंद केल्यावरही ते ट्यूबमध्ये साठून राहू शकतात. टीव्हीच्या आतलं काम अनुभवी कारागिराचंच.

टेबलावर पांढरं कापड पसरा. बंदूक आडवी ठेवा, स्क्रू एकेक काढा आणि ज्या जागचा स्क्रू त्याच जागी कापडावर ठेवत जा. लांबी वेगवेगळी असते. मग वरचं अर्धं कवच हळूच सरळ उचला. चापाची स्प्रिंग इथेच उडते, म्हणून एक बोट चापावर ठेवा. काहीही हलवण्याआधी फोटो काढा.

आत नळीत पुढे भिंग दिसेल. कवचाच्या खाचेतून ते सुटतं. प्लास्टिकचं असल्यामुळे त्याला स्पिरिट किंवा थिनर लावू नका, धुरकट होतं. साबणाच्या कोमट पाण्यात बोटांनी धुवा, मऊ सुती कापडाने टिपा. परत बसवताना फुगीर बाजू मूळ होती तिकडेच ठेवा, नाहीतर उजेड सेन्सरवर नीट गोळा होणार नाही. भिंगाच्या मागे नळीत जळमटं असतात, ती मऊ ब्रशने काढा. सेन्सर भिंगाच्या सरळ रेषेत आहे का बघा. बंदूक पडली असेल तर त्याचे पाय वाकून तो भलतीकडे बघत असतो. मी उघडलेल्या बंदुकांत मळलेलं भिंग आणि वाकडा सेन्सर हेच दोन दोष सगळ्यात जास्त दिसले आहेत.

चापामागचा स्विच दाबून बघा. मायक्रोस्विच असेल तर टिक असा स्पष्ट आवाज येतो. नकली बंदुकांत बऱ्याचदा नुसत्या दोन पट्ट्या असतात. त्या काळवंडल्या असतील तर कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये ओली करून मधून ओढा. सॅंडपेपर नको, वरचा मुलामा निघून जातो.

आता वायर. कामाच्या चार असतात: पाच व्होल्ट, ग्राउंड, चाप आणि उजेड. नकली बंदुकांत रंगांना काही नियम नाही, म्हणून रंगावरून अंदाज बांधू नका. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक आतल्या टाक्यावर आणि दुसरं प्लगच्या एकेका पिनेवर लावत जा. बीप वाजत असतानाच वायर पूर्ण लांबीत वाकवत जा. जिथे आवाज तुटतो तिथे वायर तुटलेली आहे. तेवढा तुकडा कापून सोल्डर करा, प्रत्येक जोडावर वेगळी प्लास्टिकची नळी चढवा.

वायर ठीक, स्विच ठीक, भिंग स्वच्छ, तरी उजेड दिसत नसेल, तर बंदूक उघडीच ठेवून कन्सोलला जोडा. आधी सर्किटवर पाच व्होल्ट येतात का मोजा. मग मीटर उजेडाच्या वायरवर ठेवून सेन्सर पांढऱ्या, भरलेल्या पडद्याजवळ न्या आणि हाताने झाका. झाकल्यावर आणि उघडल्यावर आकडा थोडा तरी बदलायला हवा. इशारा क्षणिक असल्यामुळे मीटर फार हलणार नाही, किंचित हललं तरी पुरे. अजिबात हलला नाही तर सेन्सर किंवा त्याच्या मागचा कपॅसिटर गेला असेल. नकली बंदुकीत हे दोन-चार सुटे भागच असतात आणि सोल्डरिंग येणारा कोणीही ते बदलू शकतो. मूळ झॅपरमध्ये मात्र प्रकाशाचं काम एका खास चिपकडे आहे. तिथे दुसऱ्या मेलेल्या झॅपरमधून ती काढणं हाच व्यवहार्य मार्ग.

एलईडी टीव्हीवर का नाही, आणि मग काय

हल्लीच्या पडद्यावर झोतच नसतो. प्रत्येक ठिपका सतत उजळलेला राहतो, ओळींची १५ किलोहर्ट्झची लुकलुक नाही, त्यामुळे झॅपरची गाळणी तो उजेड बल्बसारखाच बाजूला काढते. त्यातच टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो आणि ते उशिरा दाखवतो. पांढरा चौकोन पडद्यावर येईपर्यंत गेमने ‘हुकला’ असा निकाल दिलेला असतो. वेळ मोजणाऱ्या बंदुकांचं तर कामच झोतावर चालतं. गेम मोड लावून उशीर कमी होतो, पण झोत येत नाही.

नव्या टीव्हीवर नेम धरायचाच असेल तर वेगळ्या जातीची बंदूक लागते. २००६ च्या निन्टेंडो वीमध्ये टीव्हीजवळच्या पट्टीत इन्फ्रारेड दिवे असतात आणि रिमोटमधला कॅमेरा ते बघून दिशा काढतो. सिंडेनच्या बंदुकीतला कॅमेरा चित्राभोवतीची पांढरी चौकट ओळखतो. दोन्ही चांगल्या आहेत, पण माळ्यावरच्या बंदुकीला त्यांचा उपयोग नाही.

चालू झाल्यावर

घरात दोन मुलं असतील तर डक हंटचा एका बदकाचा खेळ लावा आणि पहिल्या खेळाडूच्या जागी लागलेला गेमचा रिमोट दुसऱ्याच्या हातात द्या. त्याला बदक उडवता येतं. पहिला नेम धरतो, दुसरा बदक वाचवतो, आणि भांडण कमी होतं.

काळं पिस्तूल लांबून खरं वाटू शकतं. नळीच्या टोकाला नारिंगी टेप गुंडाळा आणि ते गॅलरीत किंवा गल्लीत नेऊ देऊ नका. वायर बंदुकीभोवती आवळून गुंडाळू नका, सैल वेटोळं करा. टीव्ही महिन्या-दोन महिन्यांनी अर्धा तास चालवत राहा. आणि ट्यूब खरोखरच गेली तर टीव्ही फोडू नका किंवा नुसत्या तांब्यासाठी फोडणाऱ्याला देऊ नका. ट्यूबच्या काचेत शिसं असतं. तो ई-कचऱ्यातच द्या. आपल्या इंदुरात घरोघरी येणाऱ्या कचरागाडीत त्यासाठी वेगळा कप्पा असतो. टीव्ही मोठा असल्यामुळे गाडीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि तो न्यायच्या आधी मागची एव्हीची वायर काढून घ्या, पुढच्या टीव्हीला लागेल.